आगोटीआधी संग्रहालयाची तयारी

मे महिन्यातली चाकरमान्यांची वर्दळ ओसरली की मृगापर्यंत थोडेच दिवस हातात राहतात, आणि आपले कार्यकर्ते सगळे घरची आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं उरकून येणारे. म्हणून कौलांवर चढायच्या आधी नोंदवही काढा. वस्तूचा क्रमांक, देणाऱ्याचं नाव, गाव, वाडी, कायमची दिली की सांभाळायला, आणि देताना ते काय बोलले, एवढं प्रत्येकीपुढे हवंच. जिथे रकाना रिकामा आहे तिथे त्या घरी जाऊन बसा. धान्य मोजायची पायली कपाटात आहे, पण तिने खोताच्या, म्हणजे कोकणात गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, खळ्यावर अर्धेल (कुळाने द्यायचा पिकाचा अर्धा वाटा) मोजली जायची की कुळाच्या घरातलं भात, हे ठाऊक नसेल तर ती नुसतं भांडं. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. ते मोजमाप डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी आहेत आणि पावसाळा त्यांना जड जातो. मोबाइलवर त्यांचं बोलणं याच महिन्यात घेऊन ठेवा, कामं मागे राहिली तरी चालतील. मग वहीच्या पानांचे फोटो काढून एक प्रत गावात उंचावरच्या घरी आणि एक मुंबईला राहणाऱ्या कोणाकडे द्या.

आता इमारत. फुटकी, सरकलेली कौलं बदला, आढ्यावरची आधी पाहा. पन्हळीतला पातेरा काढा, पश्चिमेच्या पडवीला माडाची विणलेली झापं बांधा. जांभ्याची भिंत पाणी शोषते, तेव्हा कपाटं तिच्यापासून चार बोटं पुढे ओढा आणि पायांखाली विटा द्या. ओढलीच आहेत तर मागे टॉर्च मारा. वाळवीच्या मातीच्या रेघा तिथेच सापडतात.

कागदांना ऊन दाखवायची आपली जुनी सवय आहे, पण मोडी दस्त आणि फोटो थेट उन्हात टाकू नका. शाई उडते, कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर, कोरड्या दिवशी पसरा, मऊ ब्रशने धूळ काढा आणि सुती कापडात बांधा. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, कागदाला टेकवून नको. प्लास्टिकच्या पिशवीत दमट कागद कोंडला तर आतच बुरशी धरते. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर कधीच नको, ती पुन्हा निघत नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला जोर येतो, म्हणून भिंतीवर साधं आर्द्रतामापक लावा आणि आकडा रोज लिहायला एक जण नेमा. सिलिका जेल वापरत असाल तर निळे खडे गुलाबी झाले की बदला.

नाणी आणि ताम्रपटांना चिंच, राख, लिंबू काही लावू नका. चकाकी येते आणि अक्षरं झिजतात. तलवारी, नांगर कोरड्या कापडाने पुसा, तेवढं पुरे.

राहिलं पुराचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं भिजली. नदीकाठच्या प्रत्येक संग्रहालयाने ते धरून चालावं. आधी काय उचलायचं त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: नोंदवही, दस्त, फोटो, मग कापड, शेवटी दगड-धातू. किल्ली दोन घरी हवी, त्यातलं एक पाणी न चढणारं. भिजलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो आणि तेवढ्यात सगळं वाळवणं आपल्या हातांना जमणार नाही. गोठवून ठेवला तर पुढे सावकाश वाळवता येतो. आपल्याकडे बंदरावर मासळीची कोल्ड स्टोरेजं आहेत. मासेमारी १ जूनपासून बंद होते, त्या दिवसांत तिथे जागा मिळण्याची शक्यता जास्त. मालकाला आत्ताच भेटा, गठ्ठे वेगवेगळे बांधून मासळीपासून दूर ठेवता येतील का ते विचारा, आणि त्यांचा नंबर त्याच यादीखाली लिहून ठेवा.