कल्डसेप्ट: पहिलं बुक लावताना

व्यापार खेळून मोठं झालेल्याला कल्डसेप्ट या व्हिडिओ गेमचे निम्मे नियम आधीच येतात. फासा टाकायचा, रिकामी जागा धरायची, दुसरा तिथं थांबला की टोल घ्यायचा. फक्त जागा धरायला तिथं कार्डातला क्रीचर, म्हणजे लढणारा प्राणी, उभा करावा लागतो, आणि आलेला गडी टोल देण्याऐवजी लढू शकतो. कोल्हापूरकराला हे काय नवीन सांगायचं? शहरातला टोल भांडूनच घालवलाय.

मालिका १९९७ साली सेगा सॅटर्न या गेमच्या मशीनवर सुरू झाली. मालिकेतलाच 'रिव्होल्ट' इंग्रजीत २०१७ मध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातल्या मशीनवर आला. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळं आता जुनी कार्ट्रिज शोधावी लागते. घेताना रिजन बघा. अमेरिकन कार्ट्रिज जपानी मशीनवर चालत नाही.

बुक म्हणजे ५० कार्डांचा डेक. सुरुवातीला २५ क्रीचर, १० आयटम (हत्यारं, चिलखतं), १५ स्पेल (मंत्र) असं धरा. क्रीचरना आणि जागांना आग, पाणी, माती, हवा असे रंग असतात; त्यातले दोनच घ्या, उदाहरणार्थ आग आणि माती. चारही रंग कोंबले की हातात एक, जागा दुसरीच, असं होतं. काही तगड्या क्रीचरना आधी त्याच रंगाच्या जागा ताब्यात लागतात, काहींना हातातलं एखादं कार्ड बळी द्यावं लागतं. असली दोन-तीनच ठेवा, नाहीतर पहिल्या फेरीत हात भरलेला आणि पट मोकळा. हातात सहाच कार्डं राहतात, वरचं टाकावं लागतं.

क्रीचर आणि जागेचा रंग जुळण्याला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत बघा. जागा तिसऱ्या लेव्हलची, क्रीचरचा एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, ४०. रंग जुळला तर लेव्हलमागं १० वाढतात, म्हणजे ७०. समोरचा ५० ताकदीचा आला तर पहिला वार झेलून तुमचा उभा राहतो आणि उलटा वार करतो. रंग जुळला नाही तर ४० वरच खेळ खल्लास, क्रीचरही गेला, जागाही गेली. पण त्यानं +३० चं हत्यार काढलं तर ८० होतात आणि जुळलेली जागाही पडते. म्हणून लेव्हल वाढवण्याआधी समोरच्यांचे हात वाचा. इथं सगळ्यांची कार्डं उघडी दिसतात, तरी नवे खेळाडू स्वतःच्याच हाताकडं बघत बसतात. कुणाकडं हत्यार दिसलं तर आपल्याकडं एक चिलखत राखून ठेवा.

एकाच भागात एका रंगाच्या दोन किंवा जास्त जागा झाल्या की चेन बनते. जागेची किंमतही वाढते, टोलही. त्यामुळं विखुरलेल्या पाच जागांपेक्षा एकाच भागातल्या एका रंगाच्या तीन बऱ्या. मात्र सगळं मॅजिक, म्हणजे खेळातला पैसा, जागांची लेव्हल वाढवण्यात ओतू नका. पुढच्याच डावात मोठा टोल बसला आणि हातात काही नसलं तर जागा विकावी लागते, चेन तुटते आणि उरलेल्या जागांचीही किंमत घसरते. एका चुकीचा फटका दोनदा.

फेरीचा बोनस पटावरची सगळी गेट ओलांडून किल्ल्यावर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परतल्यावरच मिळतो. एक गेट चुकलं तर काही नाही.

जिंकायला हातातलं मॅजिक आणि जागांची किंमत मिळून ठरलेला आकडा गाठायचा, आणि मग किल्ल्यावर पोचायचं. आकडा झाला, पण किल्ला अर्धा पट लांब, ही नेहमीची फजिती; तेवढ्यात बाकीचे तुमच्या सगळ्यात महागड्या जागेवर तुटून पडतात. त्यासाठी फाशाचा आकडा ठरवणारे 'होली वर्ड'सारखे दोन-तीन स्पेल बुकात असू द्या, आणि शेवटच्या फेरीत एक हातात दाबून धरा.