एकच हात लागला, शर्यत गेली: जलतरण स्पर्धेत या चुका टाळा

गेली बारा-तेरा वर्षं शालेय आणि जिल्हा स्पर्धांत मी टर्न जज, म्हणजे पोहणारे भिंतीशी नियमाने वळतात का ते बघणारी पंच, म्हणून उभी राहते. म्हणजे पांढरे कपडे घालून, मे महिन्याच्या उन्हात, लेनच्या टोकाशी वाकून भिंतीकडे बघत राहायचं. कोण पहिलं आलं हे मला बऱ्याचदा नंतर कुणीतरी सांगतं. बाद कोण झालं ते मात्र मला आधी कळतं, आणि कारणं दरवर्षी तीच असतात.

एक हात

ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक) आणि फ्लायमध्ये (बटरफ्लाय) प्रत्येक टर्नला, म्हणजे भिंतीशी वळताना, आणि फिनिशला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एक थोडा वर, एक थोडा खाली असला तरी हरकत नाही. पाण्याच्या वर लागले काय, खाली लागले काय, सारखंच. एकावर एक ठेवलेले हात तेवढे चालत नाहीत. हा नियम माहीत नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही. झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. आणि तरी दर स्पर्धेत बाद केल्याच्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या मी याच एका चुकीसाठी लिहिते.

होतं असं, की शेवटच्या पाच मीटरला शेजारची लेन कुठे आहे ते बघायला मान वळते. मान वळली की खांदा पडतो आणि एक हात आधी लागतो. पण खरं कारण स्पर्धेत नसतं, सरावात असतं. रोज सकाळी मूल साठ-सत्तर वेळा भिंतीशी येतं. त्यातल्या पन्नास वेळा एका हाताने कठडा धरतं आणि दुसऱ्याने गॉगल वर करतं. टोकलं की उत्तर तयार: “मॅडम, स्पर्धेत करीन ना बरोबर.” स्पर्धेत कुणीही बरोबर करत नाही. दमल्यावर हात सवयीचंच ऐकतात.

माझी सकाळी सहाची एक छोटी बॅच असते. तिथे ब्रेस्ट किंवा फ्लायची लांबी (भिंतीपासून भिंतीपर्यंतची एक खेप) एका हाताने संपवली तर ती मोजायची नाही, परत जायचं. वॉर्म-अप असो, गप्पा मारायला थांबणं असो, सूट नाही. पहिल्या महिन्यात मुलं माझा राग करतात. काही पालक तर “दोन महिन्यांत स्पर्धेला उतरवा” म्हणत येतात आणि आम्ही अजून भिंतच धरतोय हे बघून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आणि एक सांगून ठेवते. शंका असेल तर आम्ही हात वर करत नाही, फायदा पोहणाऱ्याला मिळतो. हात वर केला की रेफ्री विचारतात: कुठली लेन, काय दिसलं, कुठला नियम मोडला? तिन्हीची उत्तरं देता आली तरच मूल बाद होतं.

पाठीवरून वळायची घाई

आयएममध्ये (इंडिव्हिज्युअल मेडली, म्हणजे एकाच पोहणाऱ्याने चारही प्रकार पोहायची शर्यत) बॅक, म्हणजे पाठीवरचं पोहणं, संपून ब्रेस्ट सुरू होतो, त्या भिंतीला हात लागेपर्यंत पाठीवरच राहायचं असतं. मुलं भिंत शोधायला अर्धवट पालथी होतात. बॅकच्या शर्यतीतला टर्न वेगळा. तिथे पालथं होऊन एका सलग हालचालीत वळता येतं. आयएममध्ये मुलं तोच इथेही वापरायला जातात. मोठ्यांचंही चुकतं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची अ‍ॅलेक्स वॉल्श 200 मीटर आयएमच्या फायनलमध्ये तिसरी आली होती, आणि याच भिंतीवर बाद झाली.

यावर उपाय डोक्यावरच्या झेंड्यांचा. झेंडे भिंतीपासून 5 मीटरवर असतात. टँक नवा असेल तर वॉर्म-अपमध्ये झेंड्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात पडतात ते मोजा. चार तर चार, पाच तर पाच. मागे वळून बघायची गरज राहत नाही.

शिट्ट्या

छोट्या छोट्या शिट्ट्या वाजल्या की टॉवेल, टी-शर्ट बाजूला. लांब शिट्टीला ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या ओट्यावर. “टेक युवर मार्क्स” ऐकलं की वाकायचं आणि दगडासारखं थांबायचं. गॉगलची पट्टी सारखी करायची वेळ लांब शिट्टीच्या आधी संपलेली असते. शक्यतो पट्टी टोपीच्या आतून घ्या, सूर मारताना निघत नाही.

शर्यत सुटण्याच्या आवाजाचा अंदाज घेऊन आधीच निघायला शिकवणारे प्रशिक्षक मला अजिबात आवडत नाहीत. आता दुसरी संधी मिळत नाही, पहिल्याच चुकीला बाद. सिडनी ऑलिम्पिकमध्ये 2000 साली 100 मीटर फ्रीच्या (फ्रीस्टाइल) एका हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यतीत, तिघे होते. दोघे आवाजाआधीच निघाल्यामुळे बाद झाले आणि इक्वेटोरियल गिनीचा एरिक मूसांबानी एकटाच पोहला, 1 मिनिट 52.72 सेकंदांत. त्याचं नाव आजही लोकांना आठवतं. त्या दोघांची सांगा बघू!

मिठी

ही चूक कुठल्याही सरावात शिकवली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलींची 4×50 मीटर मेडली रिले होती, 25 मीटरचा टँक. एक संघ असा पोहला की बघत राहावं. बॅकवाली पुढे, ब्रेस्टवालीने ते टिकवलं, फ्लायवालीने वाढवलं आणि फ्रीवाली जवळजवळ अर्धी लांबी आधी भिंतीला लागली. बॅकवाली कधीच टॉवेल गुंडाळून बाहेर उभी होती. तिने टॉवेल फेकला, किंचाळली आणि मैत्रिणीला मिठी मारायला थेट पाण्यात उडी घेतली. दोन संघ अजून यायचे होते.

सगळे संघ संपेपर्यंत, ज्या मुलीची लांबी चालू आहे तिच्याशिवाय संघातलं कुणीही पाण्यात उतरलं तर संघ बाद. इथे शंकेला जागाच नव्हती, अख्ख्या गॅलरीने ती उडी पाहिली होती.

रेफ्रींनी प्रशिक्षकांना बाजूला नेऊन सांगितलं. मग बॅकवालीचे वडील खाली आले, हातात मोबाईल, त्यात व्हिडिओ. “मॅडम, ती पोहायला नव्हती गेली, मिठी मारायला गेली होती.” मला हसूही येईना आणि रडूही. ती मुलगी कोपऱ्यात बसून हुंदके देत होती आणि बाकी तिघी तिच्याशी बोलत नव्हत्या. मला राग आला तो प्रशिक्षकांचा. चार महिने हातांवर आणि लाथांवर काम करून घेतलं, पण पोहून झाल्यावर कुठे उभं राहायचं हे एका वाक्यानेही सांगितलं नव्हतं.

माझ्या मुलींना मी सांगते, आपली लांबी झाली की बाहेर या आणि खुर्च्यांच्या मागे जा. ओरडा, नाचा, काय हवं ते करा, पण खुर्च्यांच्या मागे. वैयक्तिक शर्यतीचंही असंच आहे. ज्या शर्यतीत आपलं नाव नाही, ती चालू असताना पाण्यात उतरलात तर तुमची पुढची शर्यत जाते. “गरम होत होतं” हे कारण मी दर मे महिन्यात ऐकते.

व्हिडिओचं म्हणाल तर तो आम्हाला दाखवून उपयोग नाही. हरकत घ्यायची ती संघाच्या व्यवस्थापकाने, लेखी, शर्यत संपल्यापासून 30 मिनिटांच्या आत, रेफ्रींकडे. काठावर येऊन आवाज चढवलेल्या पालकांमुळे निकाल बदललेला मी पाहिलेला नाही. त्यांच्या मुलाने मान खाली घातलेली मात्र बरेचदा पाहिली आहे.

बाकी थोडक्यात

लेनची दोरी धरून ओढू नका. फ्रीमध्ये दम लागला तर तळावर उभं राहता येतं, चालता येत नाही. वैयक्तिक शर्यतीत आपलं संपलं तरी बाकीचे येईपर्यंत आपल्या लेनमध्येच थांबा आणि मग कडेने बाहेर या, दुसऱ्याच्या लेनमधून आडवं जाऊ नका. वॉर्म-अपच्या गर्दीत सूर मारू नका, पाय आधी टाकून उतरा. खाली कुणाचं तरी डोकं असतं. तुमची हीट पुकारली तेव्हा तुम्ही वडापावच्या गाडीवर असाल तर शर्यत तुमच्याशिवाय सुटते. आणि फ्लायच्या आधी वडापाव खाऊन वेळेवर आलात, तर तिसऱ्या लांबीला काय होतं तेही मी भिंतीजवळून पाहिलेलं आहे.