वस्तू खरंच पर्यावरणपूरक आहे का? घेण्याआधी असं तपासा

तीन वर्षांपूर्वी मी कचऱ्याच्या हिरव्या पिशव्यांचं एक बंडल आणलं. वर पानाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘निसर्गात विरघळणारी’. साध्या पिशव्यांच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजले आणि ओला कचरा त्याच पिशवीसकट गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये टाकत राहिले. पावसाळा संपल्यावर खत चाळायला बसले, तर चाळणीत नुसत्या हिरव्या चिंध्या. काही बोटभर, काही नखाएवढ्या, काही तर तिळाएवढ्या. दोन दुपारी वेचत बसले, तरी सगळ्या निघाल्या नाहीत. ते खत कुंड्यांना घालायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून कुठलंही पुडकं हातात आलं की ते उलटून मागची बाजू वाचायची सवय लागली. चांगल्या वस्तू आणि मनापासून काम करणारे उत्पादक आहेत, पण ते शोधावे लागतात. कसे शोधायचे, ते इथे क्रमाने सांगते.

पायरी १ : आधी घरातला कचरा बघा

दुकानात जाण्याआधी आठवडाभराचा सुका कचरा वर्तमानपत्रावर पसरा. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टनं, शाम्पूच्या पुड्या, कुरिअरची पाकिटं असे ढीग करा. सगळ्यात मोठा ढीग कशाचा आहे, तिथूनच बदलाला सुरुवात करायची.

मग कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना किंवा भंगारवाल्या दादांना विचारा. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. कुठल्या वस्तूला पुढे गिऱ्हाईक आहे आणि कुठलीला नाही, हे या लोकांइतकं कुणालाच माहीत नसतं. मी आमच्याकडे येणाऱ्या ताईंसमोर ढीग मांडला. त्यांनी पाण्याची बाटली, दुधाची पिशवी आणि पुठ्ठा एका बाजूला सारला. “हे जातं.” वेफर्सचं चकचकीत पाकीट आणि शाम्पूची पुडी दुसऱ्या बाजूला. “याला कोण घेतंय?” कारण साधं आहे. त्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणं परवडत नाही. म्हणून वस्तू आतून कितीही ‘नैसर्गिक’ असली, तरी ती अशा पुडीत येत असेल तर मी तिला खालचा नंबर देते.

प्लास्टिकच्या डब्याखालच्या त्रिकोणातला आकडाही बघून ठेवा. तो त्रिकोण म्हणजे पुनर्वापराची हमी नव्हे, तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या तिघांना भंगारात साधारण मागणी असते. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्माकोल या सहा नंबरातलाच.

पायरी २ : न घेता भागतंय का ते बघा

घरात स्टीलचे डबे असताना ‘इको’ डबे नकोत. प्लास्टिकचे जुने डबे फेकून काचेच्या बरण्या आणणं तर मुळीच नको. आहेत ते फुटेपर्यंत वापरा, मात्र गरम पदार्थ त्यांत भरू नका. कापडी पिशवीसुद्धा कापूस पिकवून, पाणी आणि रंग खर्चून तयार होते. जुन्या साडीच्या किंवा पडद्याच्या पिशव्या शिवून घेतल्या तर वेगळी खरेदीच लागत नाही.

पायरी ३ : मोघम शब्द आणि पक्का दावा वेगळा काढा

‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘सस्टेनेबल’ या शब्दांतून एकट्याने काहीच कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. असा शब्द वापरायचा तर कंपनीने तो नेमका कशाबद्दल आहे हे सांगितलं पाहिजे आणि त्याचा पुरावा ग्राहकाला मिळेल असा ठेवला पाहिजे. दावा वस्तूबद्दल आहे, पुडक्याबद्दल आहे की बनवण्याच्या पद्धतीबद्दल, हेही स्पष्ट हवं.

म्हणून मागची बाजू वाचताना मी तीन गोष्टी शोधते: आकडा, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. ‘बाटलीत ५० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक’ हा तपासता येणारा दावा झाला. ‘पृथ्वीवर प्रेम करणारी बाटली’ ही नुसती जाहिरात.

माझ्या त्या पिशवीवर काय हवं होतं, तेही आता कळलंय. ‘कंपोस्टेबल’ पिशवीला भारतात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू होतं आणि ती बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं. त्याचा क्रमांक पिशवीवर शोधा. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या मानकाची चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते, म्हणजे मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेत. गच्चीवरच्या ड्रममध्ये एवढी उष्णता टिकत नाही. त्यामुळे प्रमाणित पिशवीसुद्धा घरच्या खतात विरघळेलच असं नाही. ओल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी वर्तमानपत्र घालणं, हाच मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय.

पायरी ४ : चिन्हं ओळखायला शिका

चिन्हं बरीच आहेत, पण घरखर्चाच्या यादीपुरती पाच-सहा पुरतात.

खाण्याच्या वस्तू. पुडक्यातला माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा असेल तर त्यावर सरकारमान्य चिन्ह लागतं. बरीच वर्षं ते एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं ‘जैविक भारत’ होतं; २०२५ मध्ये त्याच्या जागी एकत्रित ‘इंडिया ऑरगॅनिक’ चिन्ह आणायचं ठरलं. त्यामागे प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी (केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम), ज्यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते आणि जिचं चिन्ह ‘इंडिया ऑरगॅनिक’. दुसरी पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. इथे एक गंमतशीर पण महत्त्वाचा फरक आहे. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ लिहिलेलं असेल तर ते शेत अजून सेंद्रियकडे वळण्याच्या टप्प्यात आहे. पूर्ण सेंद्रिय झालेल्या मालावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ असतं. ग्रीन बघून मीही सुरुवातीला फसले होते. अर्थात वळणीच्या टप्प्यातल्या शेतकऱ्याचा माल घेणं हीसुद्धा त्याला मोठी मदत आहे, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

छोटा शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्राची सक्ती नाही. तिथे कागद मागून उपयोग नाही, तिथे शेत बघायला जायचं. बांधावर काय लावलंय, कीड पडली की काय फवारता, बियाणं कुठलं, हे मोकळेपणाने विचारा. खरं काम करणारा शेतकरी यावर तासभर बोलतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. त्यांच्या कामानंतर गावरान वालाच्या, वांग्याच्या जाती मागणारी गिऱ्हाइकं वाढावीत, असं मला मनापासून वाटतं, कारण मागणी असेल तरच ते बी पुन्हा पेरलं जाईल.

विजेवर चालणाऱ्या वस्तू. ऊर्जा दक्षता ब्युरोचं ताऱ्यांचं लेबल सगळे बघतात, पण ताऱ्यांखालचा आकडा फार कमी जण वाचतात. वर्षाला किती युनिट लागतील ते तिथे छापलेलं असतं, आणि खरी तुलना त्या आकड्याची करायची. तारे आपापल्या गटातच दिलेले असतात. म्हणून दोन टनांचा पाच तारे असलेला एसी लहान खोलीत लावला तर तारे असूनही वीज जास्त जाऊ शकते. पंख्याचं गणित सोपं आहे. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा. घरात एकच मोठी खरेदी करायची असेल तर मी डोळे झाकून ही सांगते.

कपडे. ‘ऑरगॅनिक कॉटन’ लिहिलेलं असेल तर जीओटीएस, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं चिन्ह, प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक शोधा. या मानकात किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो आणि रंग-रसायनांवरही बंधनं असतात. ‘बांबूचं कापड’ म्हणून जे मऊसूत कापड मिळतं, ते बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून केलेलं व्हिस्कोस असतं.

वही, कागद, लाकूड यांवर एफएससी चिन्ह बघा, जबाबदारीने राखलेल्या जंगलातल्या लाकडाचं. आणि आपल्या सरकारचं स्वतःचं इकोमार्क, मातीच्या माठाचं चित्र असलेलं. ही योजना १९९१ मध्ये सुरू झाली, पण दुकानात माठ क्वचितच दिसला. २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले आहेत, तेव्हा आता माठावर नजर ठेवा.

पायरी ५ : वेशांतर केलेल्या वस्तू

बांबूच्या टूथब्रशची दांडी बांबूची असली तरी केस बहुधा नायलॉनचे असतात. टाकताना ते पकडीने उपटून सुक्या कचऱ्यात घाला. कागदी कपाच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. दुकानदार ‘कापडी’ म्हणून देतात ती रंगीत पिशवी बऱ्याचदा नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची असते. ती ओळखायला सोपी आहे. उजेडात धरा. खऱ्या कापडात उभे-आडवे धागे दिसतात आणि कडेचा एखादा ओढून काढता येतो. नॉन-वोव्हनवर नुसते दाबलेले ठिपके दिसतात, धागा हाताला लागत नाही.

पायरी ६ : कंपनीची चौकशी

शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी असेल तर काम सोपं आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार बीआरएसआर नावाचा सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. कंपनीच्या वार्षिक अहवालात तो सापडतो. त्यातलं सहावं तत्त्व पर्यावरणाचं. ऊर्जा, पाणी, कचरा यांचे दोन वर्षांचे आकडे तिथे शेजारी-शेजारी असतात. जाहिरातीत झाडं लावणाऱ्या कंपनीचा पाणीवापर वाढलाय की घटलाय, हे पाच मिनिटांत कळतं.

छोट्या उत्पादकाकडे असा अहवाल नसतो, त्याला सरळ विचारायचं. मी पाठवते तो मजकूर असा: “नमस्कार. तुमचा भांड्यांचा साबण घ्यायचा विचार आहे. त्यात फेस आणणारा घटक कोणता? फॉस्फेट आहे का? रिकामी बाटली परत घेता किंवा भरून देता का?” नीट काम करणारे लोक सविस्तर उत्तर देतात. एका महिला बचत गटाने तर मला रिठ्याच्या खरेदीपासून सगळं लिहून पाठवलं. उत्तरात नुसतं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आलं तर मी पुढे जात नाही.

फॉस्फेट का विचारायचं? मैल्यातून आणि साबणातून नदीत गेलेला फॉस्फरस जलपर्णीचं खाद्य होतो. मुळा-मुठेवरचा हिरवा गालिचा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा फेस बघून काळीज तुटतं. त्यात कारखान्यांचं आणि गावोगावचं सांडपाणी आहे, आणि आपल्या मोरीतलं पाणीही शेवटी अशाच वाटेने जातं.

पायरी ७ : शोध घराजवळून सुरू करा

पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भरणारी भीमथडी जत्रा, मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन, तालुक्याच्या ठिकाणची बचत गटांची विक्री, इथे बनवणारी बाई स्वतः समोर असते आणि प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात. लाकडी घाण्यावर स्वतःचा कॅन नेला तर बहुतेक जण तेल भरून देतात. गिरणीत डबा नेण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. तोच डबा किराणा दुकानातही न्या. लांबून कुरिअरने, तीन थरांच्या वेष्टनात आलेल्या ‘झिरो वेस्ट’ संचापेक्षा हे बरं.

काही वस्तू तर दारातच उगवतात. घोसाळ्याच्या वेलावर एखादं फळ न तोडता तसंच सुकू द्या. तपकिरी होऊन हलकं झालं, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढा. साल हाताने सुटते, बिया पुढच्या वर्षाला ठेवा, आतल्या जाळीचे चार तुकडे करा. आमच्याकडे एक तुकडा भांडी घासायला महिनाभर सहज जातो, आणि झिजला की थेट खतात.

पायरी ८ : एका वेळी एक वस्तू, आणि फसलात तर तक्रार

पहिल्या महिन्यात एकच वस्तू बदला आणि ती संपेपर्यंत वापरून बघा. दावा खोटा निघाला तर पुडक्याच्या चारही बाजूंचे फोटो आणि पावती ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तक्रार मराठीतही सांगता येते.

आणि कुठल्याही ‘विरघळणाऱ्या’ वस्तूची परीक्षा स्वतः घ्या. मी आता तिचा हातभर तुकडा एका वेगळ्या कुंडीत पुरते आणि आइस्क्रीमच्या काडीवर तारीख लिहून खोचते. गेल्या जूनमध्ये दोन काड्या खोचल्या होत्या, एक पळसाच्या पत्रावळीसाठी आणि एक कुरिअरच्या ‘कंपोस्टेबल’ पाकिटासाठी. दिवाळीच्या आधी उकरलं. पत्रावळीची फक्त एक शीर सापडली. पाकिटावरचा पत्ता अजून वाचता येत होता.