आतड्याचा दाह आणि 'इम्युनिटी': या चुका टाळा

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत कुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचं (आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचे हे आजार, दोन्हींना मिळून आयबीडी म्हणतात) निदान झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्रतिकारशक्ती कमी झालीय हो त्याची." मग गुळवेल येते, अश्वगंधा येते, सकाळ-संध्याकाळ काढा सुरू होतो. पुढच्या बहुतेक चुका या एकाच समजातून निघतात, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

प्रतिकारशक्ती 'वाढवायला' जाऊ नका

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा साठाही आतड्याच्या भिंतीतच असतो. दोघांच्या मध्ये असतं फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर आणि त्यावर म्यूकसचा चिकट थर. निरोगी माणसात हा शेजार बिनबोभाट चालतो, कारण तिथल्या नियामक टी-पेशी आयएल-१० सारखे निरोप्या रेणू सोडून बाकीच्यांना आवरून धरतात.

आयबीडीत म्यूकस विरळ होतो, अस्तर गळकं होतं आणि जिवाणूंचे अंश आत शिरतात. आतल्या पेशी आयएल-२३ सोडतात, टी-पेशी चेततात, टीएनएफ (दाह भडकवणारा रेणू) वाढतं आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची रीघ लागते. इथपर्यंत गैर काहीच नाही, साध्या संसर्गातही बरंचसं असंच घडतं. खरा बिघाड पुढे आहे. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) राजवाड्यावरून गेली की काही तासांत नगर निगमची माणसं रस्ता धुऊन मोकळा करतात. या आजारात गेर संपतच नाही. गर्दी पांगत नाही आणि तिच्याच पायाखाली अस्तर तुडवलं जातं.

हा तर्क पुराव्यावर उभा आहे. २००९ साली काही तान्ह्या मुलांमध्ये आयएल-१० चा ग्राहक (त्याचा निरोप घेणारा पेशीवरचा रेणू) घडवणाऱ्या जनुकांत दोष सापडला. या मुलांना पहिल्या वर्षाच्या आतच भयंकर कोलायटिस झाला होता. त्यांच्या पेशींत जोर भरपूर होता, थांबण्याचा निरोप तेवढा पोचत नव्हता. अशा मुलांमध्ये अस्थिमज्जा बदलल्यावर आजार आटोक्यात आल्याचीही नोंद आहे.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, म्हणून ओळखीचे लोक रिपोर्ट घेऊन येतात. रामबागेतल्या एका काकूंनी मुलाच्या फायलीसोबत गुळवेलीच्या गोळ्यांची बाटलीही आणली होती. "ताई, ही तर चालेल ना? झाडपाल्याचंच आहे." मी त्यांना नाही म्हणून सांगितलं आणि कारणही सांगितलं. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या आहेत, आणि ती इजा प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी होती. त्यांचा मुलगा अझाथायोप्रिन (प्रतिकारयंत्रणा दाबणारी गोळी) घेत होता आणि त्या गोळीसाठीही यकृतावर लक्ष ठेवावंच लागतं. काकूंची माया खरी होती. म्हणूनच ती योग्य जागी लागावी असं मला फार वाटतं.

एक गुंतागुंत मात्र सांगायला हवी. २००१ साली क्रोन्सशी जोडलं गेलेलं पहिलं जनुक सापडलं, एनओडी-२. ते जिवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखतं. त्यात दोष असला की जिवाणूंची पहिली ओळख कच्ची राहते आणि मागचे दल दुप्पट त्वेषाने उठतात. म्हणजे यंत्रणेचा एक भाग कमकुवत आणि दुसरा बेफाम, असंही होऊ शकतं. (युरोपीय रुग्णांत आढळणारे या जनुकातले दोष आपल्याकडे क्वचितच दिसतात.) हा आजार कमी-जास्त अशा एका मापात बसत नाही.

पोह्यांवर खापर फोडू नका

शेव, जिरावन मसाला, सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं, यांनी पोटात आग पडू शकते. पण आयबीडी त्यांनी होत नाही. जनुकं, जिवाणूंची बदललेली वस्ती आणि आपली राहणी मिळून तो घडतो. दोष खाण्यावर ढकलला की घरचे एकेक पदार्थ बंद करत जातात: आधी तिखट, मग दूध, मग डाळ, शेवटी भाज्या. काही महिन्यांत वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही घसरतात.

भाज्या-कडधान्यांतला तंतू आतड्यातले काही जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. ब्युटिरेट हे अस्तराच्या पेशींचं इंधन आहे, शिवाय नियामक टी-पेशी वाढायलाही त्याची मदत होते. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत हेच जिवाणू घटलेले असतात. आजार उसळलेला असताना किंवा आतडं अरुंद झालं असताना तंतू कमी करावाच लागतो, पण तो किती आणि कधीपर्यंत हे डॉक्टर-आहारतज्ज्ञांनी ठरवावं. क्रोन्सच्या रुग्णाने बंद करायची नक्की गोष्ट एकच, सिगारेट-बिडी.

बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका

रक्त थांबलं, जुलाब थांबले, की मेसालामीनचा (दाह शमवणाऱ्या गोळ्यांचा) डबा कपाटात जातो. पण लक्षणं शमल्यानंतरही अस्तराच्या आत दाह धुमसत असू शकतो, आणि स्मृती असलेल्या टी-पेशी तिथेच मुक्काम ठोकून असतात. हे न बोलणारं दुखणं पकडायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी आहे. हे प्रथिन न्यूट्रोफिलमधून येतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर दाहाची शक्यता कमी, २५० च्या वर गेलं तर आत बहुधा काहीतरी पेटलेलं आहे. साध्या आयबीएसमध्ये (दाह नसलेल्या पोटाच्या तक्रारीत) हा आकडा सहसा वाढत नाही, त्यामुळे निदानाच्या आधीही ही तपासणी कामाची. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं ठरवून वर्षं घालवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

याच्या उलटही होतं. अझाथायोप्रिन तीन आठवडे घेऊन "फरकच नाही" म्हणून सोडतात. तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. मात्र सुरुवातीला रक्ताची तपासणी वेळच्या वेळी हवीच, कारण काही जणांत जनुकीय कारणाने पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात.

जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड आणू नका

प्रेडनिसोलोन काही दिवसांत फरक दाखवतं, कारण ते दाहाच्या अनेक वाटा एकदम बंद करतं. म्हणूनच त्याचा मोह पडतो. मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्यांची एक पट्टी घेतली जाते. पण आजार दीर्घकाळ शांत ठेवण्याचं काम ते करत नाही, आणि हाडं, साखर, डोळे यांच्यावर त्याचा भार पडत राहतो. सलग काही आठवडे घेतलं असेल तर एकदम थांबवणंही धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं.

टीबीची तपासणी टाळू नका

आपल्या देशात हा मुद्दा सर्वांत जड आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, दोन्हींना लहान आतड्याचं टोक आवडतं. बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा (पेशींच्या बारीक गाठी) दिसू शकतात. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्सला टीबी समजलं तर महिनोन्महिने नको ती औषधं चालतात आणि खरा उपचार लांबतो. डॉक्टर पुन्हा कोलोनोस्कोपी सांगत असतील तर ती पैशासाठी आहे असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट टीएनएफची. फुफ्फुसात दबलेल्या टीबीभोवती पेशींचा वेढा टिकवायला हेच टीएनएफ लागतं. टीएनएफ अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब इंजेक्शनला १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली आणि २००१ पर्यंत त्याच्यासोबत टीबी उसळल्याचे अहवाल आले. म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा रक्ताची टीबी तपासणी होते. घरात पूर्वी कुणाला टीबी झाला असेल तर तो लपवू नका.

शेजाऱ्याचं इंजेक्शन मागू नका, आपलं पुढे ढकलू नका

बायोलॉजिक औषधं (इन्फ्लिक्सिमॅबसारखी, ठरावीक रेणू अडवणारी इंजेक्शनं) एकसारखी नसतात. वेडोलिझुमॅब टी-पेशींना आतड्यात उतरू देत नाही, उस्टेकिनुमॅब आयएल-१२ आणि आयएल-२३ अडवतं. आयएल-१७ अडवून पाहिलं तेव्हा २०१२ च्या चाचणीत क्रोन्स उलट बिघडला, कारण तोच रेणू अस्तराची राखणही करतो. सोरायसिसला लागू पडलेलं औषध पोटालाही चालेल असं धरू नये, ते यासाठीच.

लग्न आहे, गणपती आहे म्हणून इन्फ्लिक्सिमॅबचा डोस महिनाभर पुढे गेला तर औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता वाढते. पूर्वी गुण यायचा आणि आता येत नाही असं झालं तर औषधाची रक्तातली पातळी आणि अँटिबॉडी तपासून घ्या. सोबत शौचात सी. डिफिसाइल या जिवाणूचा संसर्ग नाही ना, तेही पाहा.

सांधे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. अस्तर सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्स ती कमी करतात आणि आजार उसळू शकतो. तसंही सांधेदुखी किंवा लाल, दुखरा डोळा हा याच दाहाचा भाग असू शकतो. दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, सोबत ताप, नाडी ९० च्या वर, किंवा पोट फुगून ताणलेलं, असं असेल तर फोनवर सल्ला विचारत बसू नका. सरकारी एमवाय रुग्णालय असो की खाजगी, त्याच दिवशी भरती व्हा.