छोट्या होडीसाठी स्वस्तातला फिश फाइंडर घ्यायचाय? मग आधी पाण्याची खोली बघा

फिश फाइंडर म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ स्क्रीनवर दाखवणारं मशीन. बजेट कमी असलं की माणूस पहिल्यांदा काय बघतो, तर स्क्रीन केवढी मोठी आणि डब्यावर वॅट किती लिहिलेत. दोन्ही नंतर बघा. आधी हे ठरवा की तुम्ही जिथे होडी घालता तिथे पाणी किती खोल आहे, आणि ते गोडं आहे की खारं. बाकी जवळजवळ सगळं त्यावरूनच ठरतं.

मशीन काय करतं तर पाण्यात सोडलेला ट्रान्सड्यूसर खाली आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी पकडतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १५ मीटर खाली तळ असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागच लागतो, त्यामुळे चित्र भराभर पुढे सरकतं. हा आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली जाताना पसरत जातो आणि फ्रिक्वेन्सीचा प्रश्न इथेच येतो. २०० किलोहर्ट्झच्या आसपास झोत बऱ्यापैकी अरुंद आणि चित्र स्पष्ट, उथळ पाण्याला एकदम बरोबर. ५० किंवा ८३ वाले रुंद पसरतात, ५० वाला खोलवर पण जातो, पण बारकावे कमी दिसतात. ४५५ आणि ८०० वाले तर फोटोसारखं चित्र काढतात पण खोल पाण्यात लवकर दम तोडतात, खाऱ्या पाण्यात जास्तच.

झोताचा हिशोब एकदा करून बघाच. २० अंशाचा झोत असेल तर १० मीटर खोलीवर तळाचा फक्त साडेतीन मीटर रुंदीचा गोल दिसतो, ५ मीटरवर तर पावणेदोन. म्हणजे उथळ पाण्यात होडीच्या बाजूने मासे निघून जातील आणि स्क्रीनवर काहीच येणार नाही, आणि मग लोक म्हणतात मशीन खराब आहे. उथळ तळी-नद्यांसाठी रुंद झोताचा पर्याय असलेला म्हणजे दोन फ्रिक्वेन्सीवाला घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल.

चर्प नावाचा प्रकार आता स्वस्त मॉडेलमध्येही मिळतो. त्यात एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी एका पट्ट्यातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी ओळीने सोडतात, त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात आणि तळाला चिकटून बसलेला मासाही सुटा कळतो. मिळत असेल तर घ्याच.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. काही कंपन्या आरएमएस म्हणजे सरासरी ताकद लिहितात, काही पीक टू पीक म्हणजे लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजलेली, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या आठपट येतो, म्हणजे ५०० आणि ४००० वॅट हे एकच मशीन असू शकतं. छोट्या होडीला तळ्यात किंवा किनाऱ्याजवळ २०० वॅट आरएमएस भरपूर झालं.

स्क्रीनचे इंच कमी असले तरी चालतील, उभे पिक्सेल मोजा. २० मीटर खोली दाखवायची आणि उभे पिक्सेल २४० असतील तर एका ठिपक्यात ८ सेंटीमीटरच्या वर पाणी येतं, ४८० असतील तर निम्मं. भर उन्हात स्क्रीन दिसते का हे दुकानाच्या आत कळत नाही, बाहेर उजेडात नेऊन बघा, आणि पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनच बघा कारण काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात. आणि हो, दुकानात स्क्रीनवर जे मासे पोहताना दिसतात तो डेमो मोड असतो, पाण्याशिवाय मशीनला काही दिसत नाही!

माझ्या मते साइड इमेजिंगसाठी, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणाऱ्या सोयीसाठी, जास्त पैसे देण्यापेक्षा जीपीएस घ्यावा. मासे लागलेली जागा मार्क केली की पुढच्या वेळी सरळ तिथेच जाता येतं. गार्मिनचा स्ट्रायकर ४ बघा, साडेतीन इंची स्क्रीन, चर्प आहे, नकाशा नाही पण जागा मार्क करता येते, छोट्या होडीला एवढं पुरतं. होडी भाड्याची असेल किंवा कायाक असेल तर पाण्यात टाकायचा, फोनला जोडायचा गोळ्यासारखा फिश फाइंडर मिळतो तोही चालेल, फक्त वायफाय पाण्याखालून येत नाही म्हणून तो तरंगतच राहायला लागतो, जोरात ओढलात तर चित्र तुटतं, आणि फोनची बॅटरी सपाट होते ते वेगळंच.

बसवायचं काम मात्र नीट करा, चांगलं मशीन इथे वाया जातं. ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, पंख्यापासून लांब, जिथे पाणी बुडबुड्यांशिवाय सरळ वाहतं तिथे लावा, कारण हवेतून हा आवाज नीट जात नाही, बुडबुडे आले की चित्र गेलंच. भोक पाडायचं नसेल तर भरीव फायबरच्या होडीत आतून इपॉक्सीने चिकटवता येतो, लाकूड, ॲल्युमिनियम किंवा आत फोम असलेल्या होडीत तो खेळ करू नका. आतून चिकटवला तर पाण्याचं तापमानही बरोबर येत नाही. १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि अर्धा अँपिअर खाणारं मशीन धरलं तर कागदावर १४ तास होतात पण लेड ॲसिड असेल तर निम्मेच धरा, बॅटरी पूर्ण उतरवली तर लवकर मरते. फ्यूज लावाच, आणि इलेक्ट्रिक मोटरला वेगळी बॅटरी ठेवा नाहीतर स्क्रीनवर रेघाच रेघा.

जुना घेत असाल तर आधी केबल बघा, कापून जोडलेली असेल तर सोडून द्या, आणि ट्रान्सड्यूसर त्याच मशीनचा आहे ना ते विचारा कारण प्रत्येक कंपनीची पिन वेगळी. पाण्यात चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाण्यात गेल्यावर पहिलं काम, माशाची चित्रं दाखवणारा फिश आयडी बंद करा. त्याला गवत, बुडबुडे, बुडालेली फांदी सगळंच मासा वाटतं. खरा मासा बहुतेक वेळा कमानीसारखा दिसतो, कारण झोताच्या कडेला असताना तो लांब असतो आणि मधोमध आला की जवळ. होडी थांबलेली असेल तर कमानीऐवजी लांबलचक रेघ येते, म्हणजे एकच मासा खाली उभा आहे, मोठा मासा नाही! स्क्रीनच्या उजव्या कडेला असतं तेच आत्ताचं, डावीकडचं सगळं होऊन गेलेलं, त्यामुळे डावीकडे कमान दिसली म्हणून तिथल्या तिथे गळ टाकू नका, होडी थोडी मागे घ्या.