ब्रिकेट, बगॅस, पाचट : जळणात खरी उष्णता किती आहे ते कसं मोजायचं

भोसरीतल्या आमच्या युनिटमधे दीड टनी (तासाला दीड टन वाफ देणारा) बॉयलर आहे, ब्रिकेटवर, म्हणजे भुसा-काड दाबून केलेल्या कांड्यांवर चालतो. एका जुलैमधे ट्रक आला, सोबत लॅबचा रिपोर्ट, जीसीव्ही, म्हणजे किलोभर जळणातून निघणारी एकूण उष्णता, ४२०० किलोकॅलरीच्या वर. तो कागद बघून आम्ही गाडी उतरवून घेतली आणि पुढचे आठ दिवस स्टीमचं प्रेशर काही धरेना. फायरमन रोज सांगत होता की साहेब माल ओला आहे, आणि मी त्याला रिपोर्ट दाखवत होतो. रिपोर्ट खोटा नव्हता. त्यात खाली बारीक अक्षरात ड्राय बेसिस असं लिहिलेलं होतं, म्हणजे लॅबने माल पूर्ण वाळवून मग जाळला होता आणि आम्ही तो पाण्यासकट जाळत होतो. तेव्हापासून येणारी प्रत्येक गाडी स्वतः मोजतो, आणि ज्यांच्याकडे बॉयलर, भट्टी, ड्रायर किंवा गुऱ्हाळ आहे त्या सगळ्यांनी हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बाभळीचं लाकूड घ्या, उसाचं चिपाड म्हणजेच बगॅस घ्या, तुराट्या घ्या, पऱ्हाट्या घ्या, पूर्ण कोरडं करून आणि राख वजा करून बघितलं तर किलोमागे उष्णता जवळपास एकाच पट्ट्यात येते, साधारण ४४०० ते ४९०० किलोकॅलरी. कारण सगळ्यांचा मूळ माल एकच, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निनमधे उष्णता जास्त म्हणून लाकूड थोडं वर आणि काड थोडं खाली, एवढाच फरक. मग गाडी-गाडीत एवढं अंतर का पडतं? पाणी आणि राख. त्यामुळे ज्याला भारीतलं मशीन परवडत नाही त्यानेही हे दोन आकडे नीट काढले तरी बरंचसं काम झालं.

स्टेप १ : सॅम्पल

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. ट्रकच्या वरून दोन चांगल्या कांड्या उचलल्या की झालं सॅम्पल, असं करू नका. सोलापूर रोडने हादरे खात आलेल्या गाडीत चुरा आणि माती खाली बसते, वर स्वच्छ माल राहतो, आणि पाऊस लागला असेल तर उलट वरचाच थर ओला असतो. म्हणून गाडी रिकामी होत असताना सुरुवातीला, मधे, शेवटी असं करत दहा-बारा ठिकाणांहून एकेक घमेलं काढायचं, तळाचा चुरासुद्धा घ्यायचा, तो टाळायचा नाही.

हे सगळं स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र करून फावड्याने दोन-तीनदा खालीवर करायचं, कांड्या असतील तर फोडून घ्यायच्या. मग ढीग करायचा, वरून चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन बाजूला टाकायचे. असं करत करत दोन-तीन किलोवर यायचं. हे काम सावलीत आणि पटापट, कारण एप्रिलमधल्या पुण्याच्या उन्हात ताडपत्रीवर अर्धा तास पडलेला भुसा बराच हलका होतो. लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधायचं, वरून दुसरी पिशवी, आणि तारीख, गाडी नंबर लिहून ठेवायचं. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर ते पाणीसुद्धा मालाचंच आहे, पुसून टाकू नका, वजनात धरा.

स्टेप २ : ओलावा

लागतं काय तर १०५ डिग्रीवर स्थिर राहणारा ओव्हन, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि एक पसरट स्टीलचा ट्रे. घरचा ओटीजीसुद्धा चालतो, फक्त आत वेगळा थर्मामीटर ठेवा कारण त्याच्या नॉबवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. मायक्रोवेव्हमधे मात्र करू नका, बाहेरून ओलं दिसत असताना आतून करपतं आणि पेटूही शकतं.

आधी रिकाम्या ट्रेचं वजन. मग त्यात ३०० ग्रॅम माल पातळ पसरायचा आणि ओव्हनमधे. किती तास, असं सगळे विचारतात, पण हे घड्याळावर ठरत नाही, वजनावर ठरतं. तासातासाच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत ०.२ टक्क्यापेक्षा जास्त फरक येत नाही तोपर्यंत ठेवायचं. मात्र २४ तासांच्या पुढे नेऊ नका, कारण पाण्याबरोबर तेलकट पदार्थही उडायला लागतात आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

आमच्या एका गाडीचं उदाहरण देतो. ३०० ग्रॅमचे वाळून २४६ झाले, म्हणजे ५४ ग्रॅम पाणी. ५४ भागिले ३०० म्हणजे १८ टक्के. आता याच पाण्याला कोरड्या वजनाने भागलं, ५४ भागिले २४६, तर २२ टक्के येतात. दोन्ही बरोबर आहेत पण दोन वेगळ्या भाषा आहेत, लाकूडवाले बहुतेक दुसरी बोलतात आणि बॉयलरवाले पहिली. मिलमधून निघालेला बगॅस साधारण ५० टक्के ओला असतो म्हणतो आपण, तोच कोरड्या हिशोबाने १०० टक्के होतो. तेव्हा कोणी ओलाव्याचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा, कशाच्या वजनावर?

दोन पिना टोचायचे मॉइश्चर मीटर मिळतात, ते सुतारकामाच्या फळ्यांसाठी ठीक आहेत. भुसा, चिपाड, ब्रिकेट यांच्यावर ते काहीही दाखवतात, आणि ३० टक्क्यांच्या वर तर लाकडावरसुद्धा भरवसा नाही.

एक बारकावा. पुढच्या टेस्टसाठी हाच वाळलेला माल दळून १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा. चाळणीवर जे तंतू उरतात ते फेकू नका, पुन्हा दळा, कारण तंतू आणि पीठ यांची राख वेगळी असते. आणि दळलेला कोरडा भुसा हवेतलं पाणी किती ओढतो ते एकदा स्वतः बघाच. पावसाळ्यात दुपारी काट्यावर उघडा ठेवला तर शेवटचा आकडा थांबतच नाही, १.०००, १.००२, १.००५ असा डोळ्यासमोर चढत जातो. म्हणून ओव्हनमधून काढला की सिलिका जेल असलेल्या बंद भांड्यात थंड करायचा आणि वजन झटपट करायचं.

स्टेप ३ : राख

इथून पुढे मफल फर्नेस (लॅबमधली बंद विजेची भट्टी) आणि ०.१ मिलिग्रॅमचा काटा लागतो, म्हणजे लॅब किंवा कॉलेजची प्रयोगशाळा. तरी पद्धत माहीत असावी, कारण लॅबला नेमका प्रश्न विचारता येतो.

क्रूसिबलमधे (उष्णता सोसणाऱ्या छोट्या वाटीत) १ ग्रॅम कोरडी पूड घेऊन गार भट्टीत ठेवायची, हळूहळू २५० डिग्रीपर्यंत न्यायचं, तिथे तासभर थांबायचं, मग ५५० वर नेऊन कमीत कमी दोन तास. एकदम गरम भट्टीत टाकलं तर भपकन पेट घेऊन हलकी राख धुराबरोबर उडून जाते. कोळशाची राख ८१५ डिग्रीवर काढतात आणि कोळशाची सवय असलेली लॅब बायोमासलाही (लाकूड, चिपाड, काड अशा जळणालाही) तेच तापमान लावू शकते, पण तेवढ्या उष्णतेत पोटॅशसारखे क्षार उडतात, कार्बोनेट फुटतात आणि राख कमी दिसते. रिपोर्टवर तापमान लिहून मागा.

राख थंड झाल्यावर बोटांच्या चिमटीत घेऊन बघा. निव्वळ लाकडाची राख पावडरसारखी मऊ लागते. कचकच लागली तर मालात माती-वाळू मिसळलेली आहे. काळे ठिपके दिसले तर कार्बन अजून जळायचा बाकी आहे, पुन्हा भट्टीत. अंदाजासाठी : साल काढलेल्या लाकडात राख १ टक्क्याच्या आत असते, भाताच्या तुसात १५ ते २० टक्के किंवा त्याहूनही जास्त. टिंबर मार्केटमधला लाकडाचा भुसा म्हणून घेतलेल्या मालात ८ टक्के राख निघाली तर तो निव्वळ भुसा नाही.

स्टेप ४ : व्होलाटाइल आणि फिक्स्ड कार्बन

हे पटकन होतं. झाकण असलेल्या क्रूसिबलमधे १ ग्रॅम कोरडी पूड, ९०० डिग्रीच्या भट्टीत बरोबर ७ मिनिटं. जे उडून गेलं ते व्होलाटाइल. शंभरातून व्होलाटाइल आणि राख वजा केली की फिक्स्ड कार्बन. आमच्या त्या गाडीत व्होलाटाइल ७६, राख ७, म्हणजे फिक्स्ड कार्बन १७. बायोमासमधे व्होलाटाइल असा ७०-८० टक्के असतोच, त्यामुळे ज्वाळा लांब उठते आणि जाळीच्या वरून हवा द्यावी लागते. कोळशाच्या सेटिंगवर ब्रिकेट जाळली की चिमणीतून काळा धूर येतो तो यामुळेच.

या तीन आकड्यांवरून उष्णतेचा चांगला अंदाज निघतो. पारीख, चन्नीवाला आणि घोषाल यांनी २००५ मधे दिलेलं सूत्र आहे : फिक्स्ड कार्बन गुणिले ०.३५३६, अधिक व्होलाटाइल गुणिले ०.१५५९, वजा राख गुणिले ०.००७८. उत्तर किलोमागे मेगाज्यूलमधे. आमचा हिशोब ६.०१ अधिक ११.८५ वजा ०.०५, म्हणजे १७.८ मेगाज्यूल. ४.१८६८ ने भागून हजाराने गुणलं की सुमारे ४२५० किलोकॅलरी, कोरड्या मालावर.

कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, सल्फर पाहिजे असेल तर ते वेगळं मशीन असतं आणि ऑक्सिजन बहुधा वजाबाकीनेच काढतात. रोजच्या खरेदीला त्याची गरज नाही. फक्त हायड्रोजनचा आकडा पुढे लागणार आहे, तो बहुतेक बायोमासमधे साडेपाच-सहा टक्के धरून चालतं.

स्टेप ५ : बॉम्ब कॅलरीमीटर

नाव भीतीदायक आहे पण हा जाड स्टीलचा बंद डबा. आत साधारण १ ग्रॅम माल, ३० बारपर्यंत ऑक्सिजन, बाहेर मोजून घेतलेलं २ लिटर पाणी, तारेतून करंट देऊन पेटवायचं आणि पाणी किती तापलं ते बघायचं. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेल-ग्रीस अजिबात लागता कामा नये, आणि हे घरी करायचं काम नाही.

आधी बेंझोइक अ‍ॅसिड जाळून मशीनची उष्णता शोषायची ताकद काढायची, कारण त्याची उष्णता ग्रॅममागे ६३१८ कॅलरी इतकी पक्की माहीत आहे. समजा १ ग्रॅमने पाणी २.६१ डिग्री तापलं आणि तार-दोऱ्याच्या १५ कॅलरी धरल्या, तर ६३३३ भागिले २.६१, म्हणजे डिग्रीमागे २४२६ कॅलरी. आता आपली १.०२ ग्रॅमची गोळी जाळली, वाढ १.७९ डिग्री. २४२६ गुणिले १.७९, वजा १५, भागिले १.०२, उत्तर ४२४३. सूत्राने ४२५० आलं होतं. दोन आकडे इतके जवळ आले की सॅम्पल आणि हात दोन्हीवर विश्वास बसतो, दरवेळी एवढं जुळेल असं नाही.

मालाची गोळी दाबूनच घ्यायची. सुटा भुसा पेटताना उडतो आणि न जळता डब्याच्या भिंतीला चिकटतो. डबा उघडल्यावर काजळी दिसली तर ते रीडिंग रद्द, पुन्हा करा.

स्टेप ६ : बॉयलरला मिळणारी उष्णता

४२५० हा कोरड्या मालाचा आकडा. आपल्या गाडीत १८ टक्के पाणी, म्हणून ४२५० गुणिले ०.८२, म्हणजे ३४८५. हा आल्या मालाचा जीसीव्ही. पण चिमणीतून जाणारी वाफ आपली उष्णता घेऊन जाते, ती वजा केली की एनसीव्ही, म्हणजे निव्वळ उष्णता. किलोमागे मालातलं पाणी ०.१८ किलो, शिवाय हायड्रोजन जळून पाणी बनतं ते हायड्रोजनच्या नऊपट, साडेपाच टक्के धरला तर ०.०५५ गुणिले ९ गुणिले ०.८२, म्हणजे ०.४१. एकूण ०.५९ किलो पाणी, किलोमागे ५८४ किलोकॅलरी, साधारण ३४० गेले. हातात उरले ३१४० च्या आसपास. कागदावर ४२५० आणि भट्टीत ३१४०, आमचं त्या जुलैमधे नेमकं हेच झालं होतं. ५० टक्के ओल्या बगॅसला हाच हिशोब लावला तर एनसीव्ही १७०० ते १८०० च्या घरात येतो. दौंडकडच्या गुऱ्हाळांवर चिपाडं उन्हात पसरून वाळवल्याशिवाय चुलवाणात घालत नाहीत, ते उगीच नाही.

पाचटाच्या कोळशाबद्दलही लोक विचारतात. पुण्याच्या आरती (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेला पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ मधे ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता, काम खरंच मोलाचं आहे. मोजताना एवढं ध्यानात घ्या की कोळसा होताना वजन घटतं पण राख तेवढीच राहते, म्हणजे ७ टक्के राखेच्या पाचटाचा वजनाने ३० टक्के कोळसा निघाला तर त्यात राख २३ टक्के. जीसीव्ही आणि राख दोन्ही विचारल्याशिवाय कोळशाचा भाव ठरवू नका.

भाव कसा लावायचा

समजा आपला १८ टक्के ओला माल ८ रुपये किलो, आणि दुसरा कोणी तीच ब्रिकेट ८ टक्के ओलाव्याची साडेआठ रुपयांना देतोय. पहिल्याची हजार किलोकॅलरी २ रुपये ५५ पैशांना पडते. दुसऱ्याचा एनसीव्ही ३६०० च्या आसपास येतो, म्हणजे २ रुपये ३६ पैसे. महाग दिसणारा माल स्वस्त निघाला.

आता आमच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) तीन ओळी छापलेल्या असतात : जीसीव्ही आल्या मालावर, आमच्या गेटवर दोघांसमोर घेतलेल्या सॅम्पलचा, ओलावा १० टक्क्यांच्या वर गेला तर त्या प्रमाणात वजन कापलं जाईल, राख ५५० डिग्रीवर. सॅम्पलचे तीन भाग करतो, एक आमचा, एक सप्लायरचा, एक सही करून सील केलेला. वाद झाला की तो तिसरा दोघांच्या पसंतीच्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला जातो.