गॅरेजमधल्या एअर कॉम्प्रेसरसाठी वायर आणि ब्रेकर कसा ठरवावा

कॉम्प्रेसर चालू केला की मोटर एकदा गुरगुरते आणि खाली एमसीबी, म्हणजे बोर्डातला ब्रेकर, पडते. वर करायची, पुन्हा पडते. मग कोणीतरी सुचवतो, ‘सोळाची काढ, बत्तीसची टाक.’ मीही एकदा ते ऐकलं होतं. ब्रेकर पडायचा थांबला. दोन महिन्यांनी प्लग काढताना पाहिलं तर पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आणि आत स्क्रूखालची वायर इतकी कडक झालेली की वाकवली तर आवरणाचे तुकडे पडले.

चूक साधी होती. ब्रेकर कॉम्प्रेसरसाठी बसवलेला नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी बसवलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी मोटरचा करंट, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी ब्रेकर.

मोटरवरची पाटी वाचा

टाकीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या एचपीकडे दुर्लक्ष करा. तो आकडा बऱ्याचदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. मोटरच्या अंगावर धातूची छोटी पाटी असते, तिच्यावर व्होल्ट, फेज आणि अँपिअर लिहिलेले असतात. आपल्याला अँपिअर हवेत.

पाटी पुसली गेली असेल तर अंदाज काढता येतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण तो शाफ्टवर मिळणारा. सिंगल फेजची २ एचपी मोटर २३० व्होल्टवर साधारण १० अँपिअर घेते, ३ एचपीची १५ च्या आसपास. काही देशांत असते तशा १२० व्होल्टच्या लाइनवर तेवढ्याच ताकदीची मोटर चालवली तर करंट जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून मोठे कॉम्प्रेसर तिथेही दुप्पट व्होल्टच्या लाइनवरच जोडतात.

हा झाला चालू असतानाचा करंट. सुरू होताना, मोटर वेग धरेपर्यंत, ती याच्या पाच ते सात पट करंट ओढते. १० अँपिअरची मोटर क्षणभर ६०-७० अँपिअरवर जाते. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे दोन्ही लागतात.

वायर: आधी गरम होण्याचा हिशोब, मग अंतराचा

चालू करंटवर २५ टक्के वाढवून घ्या. १० चे साडेबारा होतात, आणि त्याच्यावरचा बाजारात सहज मिळणारा ब्रेकर १६ अँपिअरचा. वायरीने निदान हे १६ अँपिअर न तापता सोसायला हवेत.

पाइपातून नेलेली पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर ३० अंश तापमानाला साधारण असा करंट सोसते: दीड स्क्वेअर एमएम १७.५ अँपिअर, अडीच २४, चार ३२, सहा ४१. दीडची वायर इथे चालेलसं वाटतं. पण पत्र्याखालचं गॅरेज ३० अंशांवर थोडंच थांबतं? ४० अंशांना हे आकडे ०.८७ ने गुणायचे. दीडची १५ वर येते आणि बाद होते. अडीचची २१ वर येते. त्याच पाइपात आणखी एक भरलेलं सर्किट असेल तर पुन्हा ०.८ ने गुणा, म्हणजे जेमतेम १७. अडीच अजून पास आहे, पण काठावर. शक्य असेल तर कॉम्प्रेसरची लाइन बोर्डापासून वेगळ्या पाइपातून न्या, आणि त्या लाइनवर दुसरं काही लावू नका.

आता अंतर. बोर्ड घरात आणि गॅरेज मागे, वायरची लांबी ३० मीटर धरू. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून ६० मीटर तांबं. अडीचच्या वायरीत १० अँपिअरला सव्वाचार व्होल्ट गळतात, म्हणजे दोन टक्केही नाही. पण ज्या क्षणी मोटर ६० अँपिअर मागते, त्या क्षणी पंचवीसेक व्होल्ट वायरीतच राहतात आणि मोटरला २०५ च्या आसपास मिळतात. मोटरचा पीळ (फिरवण्याची ताकद, टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे सुरुवातीची ताकद पाचव्या हिश्श्याने घटते. ताकद कमी म्हणून वेग धरायला उशीर, आणि उशीर म्हणून जास्त करंट जास्त वेळ. चारची वायर टाकली तर तूट सोळा व्होल्टवर येते. लांबी पंधरा-वीस मीटरच्या पुढे असेल तर मी सरळ चारची घेतो.

वायर जाड घेतली तरी ब्रेकर १६ चाच ठेवायचा. जाड वायर मोटरला नीट व्होल्टेज मिळावं म्हणून घेतली आहे, जास्त करंट जाऊ द्यावा म्हणून नव्हे.

एक्स्टेंशन बोर्डाचा विचार मनातून काढून टाका. गुंडाळी न सोडलेली केबल तर आतल्या आत तापते आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात. गाडी लांब उभी असेल तर हवेची नळी लांब घ्या. नळी लांबल्यावर थोडा दाब कमी मिळतो, मोटर जळत नाही.

ब्रेकर: आकड्याआधीचं अक्षर

एमसीबीवर बी १६, सी १६, डी १६ असं छापलेलं असतं. आकडा पाहतात, अक्षर कोणी पाहत नाही. क्षणिक मोठ्या करंटला ब्रेकर कुठे दचकतो ते अक्षर सांगतं: बी तीन ते पाच पटींत, सी पाच ते दहा पटींत, डी दहा ते वीस पटींत.

आपली मोटर सुरू होताना ६०-७० अँपिअर घेते. बी १६ हा ४८ ते ८० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, म्हणजे एक दिवस चालेल, दुसऱ्या दिवशी नाही. सी १६ हा ८० पर्यंत तत्काळ पडत नाही. कॉम्प्रेसरला सी हवा, आणि ‘ब्रेकर पडतो’ या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटतात. ३ एचपीला याच हिशोबाने सी २५ आणि चारची वायर येते. त्या मोटरला घरगुती प्लगपेक्षा भिंतीवर आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडणारा स्विच) बसवून थेट जोडणी बरी.

डी घ्यायचा मोह टाळा. डी १६ शॉर्टसर्किटला तत्काळ पडायला ३२० अँपिअरपर्यंत लागू शकतात. लांब वायर आणि सुमार अर्थिंग असेल तर तेवढा करंट वाहणारच नाही, आणि ब्रेकर वेळेवर सुटणार नाही.

सोळाचा ब्रेकर १८ अँपिअर तासभर निवांत सोसतो. १० अँपिअरची मोटर जाम होऊन १७ ओढत राहिली तर ब्रेकरला पत्ताही लागत नाही. म्हणून मोटरवर स्वतःचा ओव्हरलोड (जास्त करंट ओढत राहिली तर मोटर बंद करणारा) हवा, बहुतेकदा ते लाल किंवा काळं रिसेटचं बटण. नसेल तर ओव्हरलोड रिलेचा स्टार्टर बसवा.

अर्थिंग आणि जोडणी

अर्थची वायर फेजच्याच जाडीची. एमसीबीच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. ओली फरशी आणि पत्र्याची टाकी असलेल्या जागी तिला पर्याय नाही. ती गळती पकडते, ओव्हरलोड नाही, त्यामुळे दोन्ही लागतात.

बोर्डातलं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मात्र समोर उभे राहून दोन गोष्टी पाहा. बारीक तारांच्या वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबलेला आहे का, आणि मेन बंद केल्यावर तो मीटरने तपासतो का नुसत्या टेस्टरने. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे लाइन मेली असं नसतं.

तरीही पडला तर

वायर बदलण्याआधी कान द्या. टाकी भरून मोटर थांबली की प्रेशर स्विचजवळ दोन-तीन सेकंद ‘फुस्स’ असा आवाज आला पाहिजे. तो अनलोडर व्हॉल्व्ह; पंपाच्या डोक्यावर अडकलेली हवा सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटर मोकळी सुरू होते. आवाज नाही आला तर व्हॉल्व्ह अडकला आहे आणि मोटर दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करते आहे. फुसफुस थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडचा चेक व्हॉल्व्ह गळतो आहे. रिकाम्या टाकीवर नीट सुरू होतो आणि अर्ध्या भरलेल्या टाकीवर ब्रेकर पडतो, ही याचीच खूण.

मोटर नुसती घुंऽऽ करते आणि फिरत नाही? बहुधा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेला. तो बंद असतानाही चार्ज धरून ठेवतो, बोट लावू नका.

सगळं बसल्यावर टाकी रिकामी करून पूर्ण भरेपर्यंत चालवा, आणि लगेच प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर मेन बंद करून आतले स्क्रू आधी तपासा. पहिल्या महिन्यानंतर ते पुन्हा एकदा आवळून घ्या. मोटरच्या थरथरीने ते सैल होतात.